एकच प्रोग्राम, तीन ऑपरेटिंग सिस्टिम: खिडकी बनवणं एवढं अवघड का असतं?

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी एक छोटं सॉफ्टवेअर करून देतोय, फुकटात, हौस म्हणून. पुस्तकांची देवघेव, सभासद वर्गणी, दंड आणि पावती, बास. पायथन ही भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घेतला, मागचा सगळा हिशोब पटकन उरकला. त्यानंतर जे काही डोकं खपतंय ते सगळं नुसत्या स्क्रीनवर.

परिस्थिती अशी की काउंटरवर एक विंडोज १० चं मशीन, आत वाचनकक्षात कुणीतरी देणगी दिलेला जुना पीसी, त्यावर उबुंटू टाकलंय कारण विंडोज रडत होतं, आणि सचिवांकडे मुलीने दिलेलं मॅकबुक. तिन्हीकडे एकच प्रोग्राम चालावा एवढीच माफक अपेक्षा. खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर पायथनसोबत आयतं येतं म्हणून त्यात केलं. विंडोजवर छान दिसलं. उबुंटूवर उघडलं तर "विनोदी" मधली पहिली वेलांटी व च्या आधी येण्याऐवजी नंतर, आणि "आत्मचरित्र" चे त आणि म पाय मोडून वेगवेगळे उभे. फॉन्ट बदलून पाहिले, सगळ्यांत तेच. त्याच मशीनवर फायरफॉक्समध्ये तीच अक्षरं व्यवस्थित दिसतात, म्हणजे फॉन्टचा दोष नाही.

आता विचारतो ते असं की पुढे काय घेऊ? अटी: मराठी नीट दिसलं आणि टाइप झालं पाहिजे, नेट नसताना चाललं पाहिजे, ४ जीबी रॅममध्ये बसलं पाहिजे, पैसे शून्य. आणि जमलं तर हेही सांगा की २०-२५ वर्षांनंतरही हे असं का आहे, एक बटण आणि एक टेक्स्ट बॉक्स तर आहे.

फुकटचंबू

वेब ॲप करा आणि झोपा. धागा बंद.

ओसरीवरचा

@फुकटचंबू अहो नेट नाहीये तिथे म्हटलं ना.

फुकटचंबू

नेट कशाला लागतंय, त्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे तेच मशीन) उघडा. फायरफॉक्समध्ये अक्षरं नीट दिसतात हे तुम्हीच लिहिलंय.

जुनंखोड

फुकटचंबू यांचं म्हणणं चूक नाही, पण धागाकर्त्याने "का" विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

यात मुळात दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे त्या त्या सिस्टिमचंच बटण उसनं घ्यायचं. दुसरा म्हणजे सिस्टिमकडे फक्त कोरी खिडकी मागायची आणि आत सगळं आपण रंगवायचं. गेल्या तीस वर्षांत आलेली झाडून सगळी टूलकिट (खिडक्या-बटणं बनवायच्या तयार लायब्ऱ्या) या दोनांपैकी एक किंवा त्यांची खिचडी आहे.

जावा भाषेचं एडब्ल्यूटी हे टूलकिट (१९९६, जावाच्या पहिल्या जेडीके संचाबरोबर) पहिल्या रस्त्याचं. तुमच्या जावा बटणामागे विंडोजचं खरं बटण, युनिक्सवर मोटिफचं, मॅकवर मॅकचं. आता तिन्हीकडे जे आहे तेवढंच देता येणार. म्हणजे तीन सासवांना एकच भाजी चालली पाहिजे असा स्वयंपाक, शेवटी उकडलेला बटाटा उरतो. एडब्ल्यूटीमध्ये टेबल नव्हतं, ट्री नव्हता, आणि जे होतं त्याची मापं, फोकसची वागणूक, इव्हेंट येण्याचा क्रम प्रत्येक सिस्टिमवर थोडा थोडा वेगळा. "एकदा लिहा, कुठेही चालवा" ही जावावाल्या सन कंपनीची घोषणा, आणि आम्ही म्हणायचो एकदा लिहा, सगळीकडे डीबग करा.

मग १९९८ च्या शेवटी जेडीके १.२ बरोबर स्विंग आलं, ते दुसऱ्या टोकाला. सगळं स्वतः रंगवणार. टेबल आलं, ट्री आला, सगळीकडे वागणूक सारखी. पण दिसायला कुठलंच घरचं नाही. मेटल नावाचं ते करडं-जांभळं रूप ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. विंडोजसारखं दिसायचं रूपही दिलं होतं त्यांनी, पण ती नक्कल. विंडोजने एक्सपीत बटणं गोल केली की यांची चौकोनीच, मग नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा.

एक्लिप्स या कोड लिहायच्या ॲपसाठी आयबीएमने एसडब्ल्यूटी काढलं (२००१), पुन्हा पहिल्या रस्त्यावर, जरा हुशारीने: सिस्टिमकडे असेल ते उसनं, नसेल ते स्वतः. चांगलं होतं, पण रंग, फॉन्ट, चित्रं तुम्ही बनवलीत तर तुम्हीच आठवणीने परत करायची, जावात असूनसुद्धा. आणि मॅकवर प्रोग्राम सुरू करतानाच पहिल्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या पहिल्या रांगेवर) चालव असं वेगळं सांगावं लागायचं, नाहीतर चालतच नाही. कारण मॅकला खिडकीचं काम मुख्य थ्रेडवरच हवं असतं, मग तुमची भाषा काही का म्हणेना.

टीके तर त्याही आधीचं, बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी केलेलं, १९९१ च्या आसपासचं. टीकिंटर म्हणजे पायथनमधून त्याच टीकेला हाक.

मधुराक्षर

जुनंखोड काका, मस्त लिहिलंय. वेलांटीचं मी सांगते, माझं रोजचं कामच हे आहे.

फाइलमध्ये "वि" म्हणजे आधी व, मग वेलांटी, असे दोन कोड असतात. पडद्यावर मात्र वेलांटी आधी. "त्र" म्हणजे त, हलन्त, र असे तीन कोड आणि आकृती एक. कोडांच्या रांगेतून आकृत्यांची रांग बनवायचं काम करणारा एक वेगळा भाग लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. आजकाल लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, जीटीके आणि क्यूटी या टूलकिटांत. टीके ८.६ लिनक्सवर शेपिंग करतच नाही, एक कोड एक आकृती अशी सरळ मांडत जातं. विंडोजवर ते सिस्टिमलाच "हा मजकूर काढ" म्हणतं आणि विंडोज स्वतः शेपिंग करतं, म्हणून तिकडे तुम्हाला बरं दिसलं. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही.

आणि दिसणं हा निम्माच भाग झाला. टेक्स्ट बॉक्समध्ये कर्सर "त्र" च्या मधोमध जाता कामा नये. बॅकस्पेस दाबलं की मात्र पूर्ण "त्र" न जाता फक्त र जावा, लोकांना तशीच सवय आहे, पण डिलीट दाबलं तर पूर्ण अक्षर जावं. माउसने सिलेक्ट करताना वेलांटी व पासून तुटू नये. इनस्क्रिप्ट साधा लेआउट आहे, पण कुणी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरत असेल तर शब्द पक्का होण्याआधीचा कच्चा मजकूर अधोरेखित दाखवावा लागतो, आणि त्यासाठी विंडोजची पद्धत वेगळी, मॅकची वेगळी, लिनक्सवर आयबस आहे. ज्यांनी स्वतः सगळं रंगवायचं ठरवलं त्यांना हे सगळं स्वतः लिहावं लागतं. बटण संध्याकाळपर्यंत होतं, टेक्स्ट बॉक्सला वर्षं जातात.

म्हणून माझा नियम: नवीन टूलकिट दिसलं की आधी टेक्स्ट बॉक्स उघडायचा आणि "शक्तिस्थळांच्या दुसऱ्या सुट्ट्या" असं काहीतरी टाइप करून मधे मधे खोडायचं. गेमवाल्यांची ती झटपट टूलकिट असतात ना, इमगुई वगैरे, ती इथेच आडवी होतात.

तुमच्या कामाला पायसाइड घ्या, म्हणजे पायथनमधून क्यूटी. शेपिंग आहे, कर्सर शहाणा आहे. पायक्यूटी पण तेच देतं पण त्याचं लायसन जीपीएल (प्रोग्राम दिलात तर तुमचाही कोड खुला करायचा) किंवा विकत, पायसाइडचं एलजीपीएल (ती अट सैल). वाचनालयाला तसा फरक पडत नाही, उद्या कुणाला विकलंत तर पडेल.

कोडगा_नंबर_१

वाखूसा (वाचनखूण साठवली). शेपिंगचं पहिल्यांदाच नीट कळलं.

डेल्फीचा_कौल

पूर्वी असं नव्हतं हो. व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) मध्ये फॉर्म उघडा, बटण ओढा, डबल क्लिक करा, कोड लिहा, संपलं. दुपारी सुरू केलं की संध्याकाळी गिऱ्हाईक वापरतंय. डेल्फी तर १९९५ पासून हेच करतंय. आताची पोरं बटण मध्यभागी आणायला तीन फाइली लिहितात.

मधुराक्षर

@डेल्फीचा_कौल व्हीबी ६ मध्ये मराठी कसं लिहायचात? 😀 त्याचे टेक्स्ट बॉक्स युनिकोडचे नव्हतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले फॉन्ट घ्यायचे, डेटाबेसमध्ये सगळा कचरा, फॉन्ट बदलला की नावं गायब. आणि तेव्हा मशीन एकच, विंडोज ९८, ८०० बाय ६००.

डेल्फीचा_कौल

ते बरोबर, त्या फॉन्टांचा डेटा युनिकोडमध्ये आणताना काय हाल झालेत ते मलाच माहीत. पण डिझायनरचा मुद्दा सोडत नाही. धागाकर्त्यांनी लाझारस बघावं, फ्री पास्कलवर चालतं, फुकट आहे, फॉर्म ओढून बनवायचा, आणि तेच विंडोजवर विंडोजची बटणं, लिनक्सवर जीटीके किंवा क्यूटी, मॅकवर कोको अशी वापरतं. एक्झी छोटी, ४ जीबीत आरामात. भाषा पास्कल आहे एवढंच.

ओसरीवरचा

सगळ्यांचे आभार. पायसाइड टाकून मुख्य फॉर्म पुन्हा केला. उबुंटूवर "आत्मचरित्र" एकदम झकास. पण नवीन गंमत: विंडोजवर सगळी लेबलं बसतात, उबुंटूवर "वर्गणी थकबाकी" मधली "बाकी" कापली जाते, आणि टेबलात ओळींवरच्या मात्रा आणि रफार वरून छाटले जातात.

मधुराक्षर

पिक्सेलमध्ये मापं दिलीत ना? फॉर्मवर एक्स, वाय, रुंदी, उंची असं काही लिहायचंच नाही. लेआउटमध्ये टाका, ग्रिड किंवा फॉर्म लेआउट, आणि प्रत्येक कंट्रोलला त्याची जागा स्वतः मागू द्या. फॉन्ट दोन्हीकडे वेगळा आहे, देवनागरी इंग्रजीपेक्षा उंच असते, वर मात्रा खाली उकार. टेबलात ओळीची उंची २२ वगैरे आकडा असेल तर काढा आणि फॉन्ट मेट्रिक्सला (फॉन्टच्या मापांना) विचारून ठरवा. किंवा सरळ एक फॉन्ट प्रोग्रामसोबतच द्या, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोकळ्या लायसनचे आहेत, मग तिन्हीकडे मापं जवळपास सारखी येतील. जाता जाता: काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण मजकूर मराठी आहे असं ॲपने सांगितलं तरच ते बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

स्टुटगार्टचा_बंड्या

मॅकचं मी सांगतो, ऑफिसात तेच करतो.

१) मेनू खिडकीत नसतो, पडद्याच्या वर असतो. क्यूटी तो आपोआप वर नेतं. इथवर ठीक. पण मॅकवर "सेटिंग", "विषयी", "बाहेर पडा" हे पर्याय ॲपच्या नावाच्या मेनूत असावे लागतात, आणि क्यूटी ते ओळखतं कसं? मेनूच्या नावावरून! अबाउट, सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, क्विट, एक्झिट असे इंग्रजी शब्द शोधतं. तुम्ही मराठीत मेनू लिहिलात की ओळख पटत नाही. त्यामुळे प्रत्येक ॲक्शनला मेनू रोल (हा कोणता पर्याय आहे ते) हाताने द्या. उलटही होतं, इंग्रजीत "कॉन्फिग" ने सुरू होणारा भलताच पर्याय असला तर तो उचलून तिकडे नेऊन ठेवतं आणि तुम्ही शोधत बसता.

२) विंडोजवर "ठीक" डावीकडे आणि "रद्द" उजवीकडे, मॅकवर आणि ग्नोमवर "ठीक" शेवटी उजवीकडे. बटणं हाताने मांडू नका, डायलॉग बटण बॉक्स वापरा, तो सिस्टिम बघून मांडतो. ही किरकोळ गोष्ट वाटते, पण "सभासद रद्द करायचा का?" या प्रश्नावर सवयीने भलतं बटण दाबलं गेलं की कळतं.

३) कंट्रोल ऐवजी कमांड हे क्यूटी आपोआप करतं, ते सोडा.

४) आता खरं दुखणं. पायइन्स्टॉलर (पायथन प्रोग्रामचं पॅकेज बनवणारं साधन) वापराल तर विंडोजवर बसून मॅकचं पॅकेज बनत नाही, प्रत्येक सिस्टिमवर वेगळं बनवावं लागतं. आणि मॅकवर बाहेरून आणलेलं ॲप २०१९ च्या कॅटालिनापासून ॲपलकडून नोटराइझ (तपासून मान्य) करून घ्यावं लागतं, त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर. नाही केलं तर सचिवांना इशारा दिसणार आणि सेटिंगमध्ये जाऊन "तरीही उघडा" करावं लागणार. एका मॅकसाठी पैसे भरू नका, तेवढं बटण त्यांना दाखवून या.

पडवी

इलेक्ट्रॉनचं (वेब पानांतून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) नाव कुणीच कसं घेतलं नाही अजून? शेपिंग, कच्चा मजकूर, कर्सर, छपाई, सगळं त्यातल्या क्रोमियममध्ये (क्रोमचा गाभा) आयतं. व्हीएस कोड हा कोड एडिटर त्यातच आहे, कुणी तक्रार करत नाही.

कोडगा_नंबर_१

तक्रार करत नाही?? 😂 प्रत्येक ॲपसोबत अख्खा ब्राउझर. रिकामी खिडकी दाखवणारं ॲप १०० एमबीच्या वर जातं. ४ जीबीच्या मशीनवर हे, वर क्रोम, वर टॅली. पंखा गात बसेल.

पडवी

मग टाउरी घ्या. ब्राउझर सोबत नेत नाही, सिस्टिममधला वापरतं, ॲप काही एमबीत बसतं.

जुनंखोड

आणि पुन्हा एडब्ल्यूटी. विंडोजवर एजवाला वेबव्ह्यू म्हणजे क्रोमियम, मॅकवर ॲपलचं वेबकिट, लिनक्सवर वेबकिटजीटीके. एकच पान तीन इंजिनांत, आणि तारखेचा डबा तिन्हीकडे वेगळा दिसतो. इलेक्ट्रॉन म्हणजे स्विंग, टाउरी म्हणजे एडब्ल्यूटी. रस्ते दोनच आहेत म्हटलं ना. टाउरी वाईट आहे असं म्हणत नाही, पण एकच कोड म्हणून चाचणी एकदाच असं समजू नका.

गूगलचं फ्लटरही स्विंगच्याच रांगेतलं, सगळं स्वतः रंगवतं. मोबाइलवर त्याने कमाल केलीय, आणि डेस्कटॉपला २०२२ पासून तिन्हीकडे अधिकृत पाठिंबा आहे. पण राइट क्लिक, दुसरी खिडकी उघडणं असल्या डेस्कटॉपच्या जुन्या सवयी तिथे आयत्या मिळत नाहीत, सोय करावी लागते.

काठीटेकी

मी स्क्रीन रीडर वापरून हा धागा वाचतोय, त्यामुळे माझी बाजू पण ऐका.

सिस्टिमचं बटण असलं की माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए "जतन करा, बटण" असं बोलतो. स्वतः रंगवलेलं बटण त्याच्या दृष्टीने नुसता रंगीत चौकोन, जोवर टूलकिट सिस्टिमला वेगळं सांगत नाही की इथे बटण आहे, त्याचं नाव हे, त्याची अवस्था ही. हे सांगायची विंडोजची भाषा यूआय ऑटोमेशन, लिनक्सची एटी-एसपीआय, मॅकची तिसरीच. टीके ८.६ काहीच सांगत नाही. तुमचा टीकिंटरचा फॉर्म माझ्यासाठी कोरा होता, विंडोजवर छान दिसत होता तेव्हाही.

क्यूटी सांगतं, पण तुम्ही मदत केलीत तर. लेबल आणि टेक्स्ट बॉक्स एकमेकांना जोडा, त्याला क्यूटीत बडी म्हणतात. नाहीतर मला नुसतं "एडिट, रिकामं" ऐकू येतं, नाव टाकायचंय की फोन नंबर ते कळत नाही. चित्राची बटणं केलीत तर त्यांना नाव द्या. टॅबचा क्रम फॉर्म भरतात त्या क्रमाने ठेवा. एनव्हीडीए फुकट आहे, त्यात ईस्पीकचा मराठी आवाज येतोच, लावा आणि मॉनिटर बंद करून एक पुस्तक देऊन बघा. वाचनालयात माझ्यासारखे सभासद असतात, उद्या काउंटरवरही असतील.

ओसरीवरचा

@काठीटेकी हे डोक्यातच नव्हतं कुणाच्या, धन्यवाद. आमच्याकडे ऐकायच्या पुस्तकांचं कपाट आहे, त्याचे सभासद आहेतच. आजच बडी जोडतो.

वायरमन

बारकोड स्कॅनर लावणार असाल तर एक सांगतो भावा. स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर. आता काउंटरवरच्या ताईंनी नाव टाकायला मराठी लेआउट लावला आणि तसाच ठेवून पुस्तक स्कॅन केलं तर लिनक्सच्या मराठी लेआउटवर आकड्यांच्या कळा देवनागरी आकडे देतात. म्हणजे 978 च्या जागी मराठीतलं ९७८, दिसायला आकडेच, पण कोड वेगळे. पायथनचा इंट ते मुकाट्याने घेतो, त्यामुळे तपासणीत पकडलं जात नाही, आणि एसक्यूलाइटमध्ये मजकूर म्हणून ठेवलेल्या नंबराशी काही जुळत नाही. "पुस्तक सापडले नाही." त्या डब्यात आलेलं सगळं आधी साध्या आकड्यांत बदला आणि मगच शोधा.

दुसरं, एंटर. फॉर्ममध्ये डीफॉल्ट बटण "जतन करा" असेल तर स्कॅनरच्या एंटरने अर्धवट फॉर्म जतन होतो.

पडवी

हा लेआउटचा प्रकार वेबमध्येही होणार मग.

वायरमन

होणारच की. कीबोर्डला काय माहीत समोर इलेक्ट्रॉन आहे का पास्कल.

पावतीचं पण ऐका. छोटा थर्मल प्रिंटर असेल तर त्याला मराठी मजकूर पाठवू नका, बहुतेकांच्या आत देवनागरी फॉन्टच नसतो, प्रश्नचिन्हं छापतो. पावती आधी चित्र म्हणून बनवा, ५८ मिमीच्या कागदाला ३८४ ठिपके रुंद, आणि ते चित्र पाठवा. क्यूटीत चित्रावर मजकूर काढता येतो, शेपिंग तेच वापरलं जातं.

ओसरीवरचा

अजून एक. पावतीची छोटी खिडकी नेहमी उजवीकडे खाली उघडावी म्हणून जागा दिली, विंडोजवर ऐकतं, उबुंटूवर मन मानेल तिथे उघडतं. आणि टीकिंटरवाली जुनी आवृत्ती काउंटरच्या मशीनवर धुरकट दिसायची, क्यूटीची नाही. हे काय?

स्टुटगार्टचा_बंड्या

जागेचं: उबुंटू नवीन असेल तर वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतंय. तिथे ॲपला स्वतःची मुख्य खिडकी कुठे ठेवायची हे ठरवायचा अधिकारच दिलेला नाही, ते कंपोझिटर (सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) ठरवतो. जुन्या एक्स११ मध्ये कुणीही कुणाच्या खिडकीला हात लावू शकायचं, ते मुद्दाम बंद केलंय. तिथे भांडू नका, पावती वेगळ्या खिडकीत न ठेवता मुख्य खिडकीतच उजवीकडे पट्टी करा.

धुरकट: विंडोजवर स्केलिंग १२५ टक्के असेल. जे ॲप "मला डीपीआय (पडद्याची घनता) कळतं" असं सांगत नाही त्याचं चित्र विंडोज ताणून मोठं करतं. क्यूटी ६ स्वतःहून सांगतं. मॅकवर हा त्रास कमी कारण तिथे हिशोब सरळ दुप्पट असतो.

डेल्फीचा_कौल

म्हणजे शेवटी पायसाइडच ठरलं वाटतं. लाझारसला एक संधी द्यायला हवी होती.

ओसरीवरचा

पायसाइड ठरलं, काउंटर आणि वाचनकक्ष दोन्हीकडे त्यावरच चालवणार. मॅकसाठी वेगळं काही करत नाही, सचिवांना फक्त अहवाल बघायचे असतात, त्यांना फुकटचंबू म्हणाले तसं एक साधं वेब पान वाचनालयाच्या नेटवर्कवर उघडून देतो, नोटराइझची कटकट नको.

फुकटचंबू

पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं. 😎

ओसरीवरचा

हो हो, तिसरा हिस्सा तुमचा. आता फक्त यादीचा क्रम राहिलाय. एसक्यूलाइट ळ ला ल च्या मागे लगेच लावतंय, आम्हाला तो ह नंतर हवाय, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही नंतर.

मधुराक्षर

ते कोडच्या क्रमाने लावतं म्हणून. पायथनमधून स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचं) फंक्शन नोंदवता येतं, क्वेरीत त्याचं नाव द्यायचं. पण त्यात जोडाक्षरं, अनुस्वार, र चे प्रकार असं बरंच येईल आणि स्क्रीनशी त्याचा संबंध नाही. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.